कुसुमताईंच्या ताटातली नळी

लग्न होऊन काळेवाडीत आल्या तेव्हापासून कुसुमताईंना मटणाचा फक्त रस्सा ठाऊक. घरात मटण होत नव्हतं असं नाही. नवरा, उद्धवराव, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत कामाला. दर रविवारी हौसेनं पिशवी घेऊन जायचे. कुसुमताई कांदा-खोबरं भाजून असं कालवण करायच्या की पार खालच्या जिन्यापर्यंत वास जायचा. मग नळी उद्धवरावांना, कलेजी मुलाला, म्हणजे सिद्धेशला, पाहुणा आलाच तर चार फोडी त्याला. सगळ्यांचे हात धुऊन झाले की बाई पातेल्यापाशी बसणार. त्यांना कुणी अडवलं होतं का? छे! घरात कुणीच वाईट नव्हतं. ‘तू घेतलंस का?’ एवढं विचारायची तेवढी रीत नव्हती.

कंपनीनं कामगारांच्या घरच्यांसाठी आरोग्य शिबिर घेतलं, तिथं कुसुमताईंचं रक्त तपासलं. हिमोग्लोबिनचा आकडा बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मावशी, तुम्ही जिना चढता तरी कशा?”

“बसत बसत,” कुसुमताई म्हणाल्या.

“गोळ्या लिहून देते. पण नीट खा हो. मटण, अंडी, पालेभाज्या, सगळं.”

हे उद्धवरावांच्या एका कानातून शिरलं आणि दुसऱ्यातून गेलं. त्यांचं सगळं लक्ष माइकवर बोलणाऱ्या कोटवाल्याकडे. तो सांगत होता, रक्तगट बघून जेवा, सगळे रोग पळतात. जाताना त्यानं रंगीत तक्ते वाटले. ए गटानं मटण सोडायचं, मूग आणि भाज्या खायच्या. ओ गटाला मटण मानवतं, गहू नाही. उद्धवराव निघाले ए आणि कुसुमताई ओ.

आता उद्धवरावांची सगळी हयात मशीनसमोर चिकटवलेला कागद वाचण्यात गेलेली. कागदावर आहे तसं केलं की माल पास, आपली अक्कल चालवली की रिजेक्ट. असा माणूस छापील तक्त्याला नाही म्हणेल? त्यांनी तो गॅसच्या ओट्यावरच्या भिंतीला चिकटपट्टीनं लावला आणि पुढच्या रविवारी नळी उचलून बायकोच्या ताटात ठेवली.

“अगं बाई! मला?”

“तुझ्या गटाला लागतंय. तिथं लिहिलंय. खा.”

कुसुमताई भिंतीकडे तोंड करून खायला बसल्या, इतकी लाज वाटली. नळीतला गर काढायचा कसा हेही त्यांना येईना. उद्धवरावांनीच ती ताटावर आपटून दाखवली, गर कुसुमताईंच्या भाकरीवर पडला आणि दोघंही हसली. त्या दिवशी नवरा त्यांना फार आवडला.

काही महिन्यांत जिना एका दमात चढता यायला लागला. गोळ्यांनी म्हणा, फोडींनी म्हणा, रक्त वाढलं. उद्धवराव कंपनीच्या बसमध्ये सांगत सुटले, “तक्ता खरा हाय राव!” स्वतः मात्र दोडका चिवडत बसायचे आणि बायकोच्या ताटाकडे बघून सुस्कारे टाकायचे. कुसुमताईंना काही तो तक्ता पटला नव्हता. शेजारच्या गौहरभाभीचा गट ए, आणि ती मटण खाऊन टुणटुणीत. पण त्या बोलल्या नाहीत. आपल्याच पोटावर कोण पाय देतं?

मग एका रविवारी सिद्धेश आणि सून मोनिका वाकडहून जेवायला आले. मोनिका शाकाहारी, तिच्यासाठी वेगळं पनीर केलेलं. सिद्धेश पाणी प्यायला ओट्यापाशी गेला, तक्ता वाचला आणि खो-खो हसायला लागला.

“पप्पा, हे काय? हे सगळं तपासून झालंय हो. भाज्या वाढवल्या की कुणालाही बरं वाटतं, मग रक्तगट कुठला का असेना. गटाचा काडीचाही संबंध नाही.”

शब्दन् शब्द खरा. शिकलेलं पोर खोटं कशाला बोलेल?

उद्धवराव उठले आणि त्यांनी तक्ता असा ओरबाडून काढला की भिंतीचा रंगही निघून आला. “फुकटचा दोडका खाल्ला इतके दिवस!” तुरुंगातून सुटल्यासारखे ते ताटावर बसले.

वाढायला अर्थातच कुसुमताई. पळीत नळी आली आणि हात जरा थांबला. उद्धवरावांनी मागितली नाही. नुसते पळीकडे बघत राहिले. झालं, इतक्या वर्षांची सवय ती, पळी त्यांच्या ताटाकडे वळली. कुणी नळी हिसकावून घेतली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

“मला खायला सांगितलंय,” त्या हळूच म्हणाल्या.

“ते गटाचं व्हतं न्हवं?” उद्धवराव भरल्या तोंडानं म्हणाले. “ते खोटं निघालं. तुला गोळ्या हायतच की.”

डॉक्टरीणबाईंचं बोलणं त्यांच्या लेखी तक्त्याबरोबर फाटलं होतं. सिद्धेश मान खाली घालून कलेजी खात होता. त्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं, बापानंही घेतलं.

निघताना बूट घालता घालता त्याला आईची आठवण झाली. “आई, आता पथ्यबिथ्य काही नाही हं. बिनधास्त काहीही खा.”

कुसुमताई दारात उभ्या होत्या. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, “ते खोटं हाय हे मला पयल्या दिवसापासनं ठावं व्हतं. पर त्या खोट्यानं मला वाढलं रं. तुझ्या खऱ्यानं काय वाढलं?”

सिद्धेशनं मोनिकाकडे पाहिलं. तिनं मोबाइलकडे. “कॅब आलीय खाली,” ती म्हणाली, आणि दोघं जिना उतरून गेली.

“अगं, कुणाशी बोलतीस?” आतून उद्धवरावांनी हाक मारली. “बडीशेप आण की.”

कुसुमताईंनी बडीशेप नेऊन दिली.