बापूचा लॅपटॉप आणि आप्पांचा ट्रॅक्टर

आमच्या शिक्रापूरच्या कंपनीतनं माणसं मशिनी बसवायला परदेशी जातात. येताना चॉकलेटं थोडी आणतात, विमानतळावरच्या झडतीचे किस्सेच जास्त. त्यात सगळ्यात जास्त माल आमच्या न्हावरे गावच्या बापूकडं.

*

तशी झडतीची सवय आम्हाला गेटवरच लागते. वॉचमन मामा मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, मग जेवणाचा डबाही उघडायला लावतात. मशिनीची ड्रॉइंग बाहेर गेली तर नोकरी गेली, असा नियम. मेथीच्या भाजीत कुणी ड्रॉइंग लपवल्याचं अजून तरी कानावर नाही.

*

पहिल्याच ट्रिपला तिकडच्या अधिकाऱ्यानं बापूकडं लॅपटॉपचा पासवर्ड मागितला. बापू म्हणाला, "साहेबांना विचारतो." त्यानं ऑफिसात फोन लावला. साहेबांनी स्पीकरवर घेऊन एकेक अक्षर ठणठणीत आवाजात सांगितलं. बायकोचं नाव, पुढं गाडीचा नंबर. अधिकाऱ्याला कळलं का ठाऊक नाही, आमच्या सगळ्या डिपार्टमेंटला मात्र पाठ झालं.

*

दुसऱ्या ट्रिपला साहेबांनी लॅपटॉप पुसून कोराच दिला. अधिकाऱ्याला संशय आला, एवढा मोठा इंजिनिअर आणि लॅपटॉपमध्ये काहीच कसं नाही? त्यानं बापूचा मोबाईल उघडायला लावला. त्यात निघाली गाय.

"गोठ्यात गेलो नाही, असं विमानातल्या फॉर्मवर लिहून दिलंय ना तुम्ही?"

"गोठ्यात कुठं गेलो? ती आमच्या दारातच असती."

गुरांचा रोग त्यांच्या देशात यायला नको म्हणून बापूचे बूट धुऊन मगच आत सोडलं.

*

तिसऱ्या ट्रिपला साहेबांनी फारच डोकं लढवलं. लॅपटॉप कोरा, ड्रॉइंग पेनड्राइव्हवर आणि पेनड्राइव्ह बापूच्या खिशात. वर दम दिला, "कुणाच्या हाती लागलं, तर कामावर येऊ नकोस." बापूचं नुकतंच लग्न ठरलेलं. सगळा प्रवास त्यानं खिशावरचा हात काढला नाही.

अधिकाऱ्यानं नेमका पेनड्राइव्हच लावला. बापूनं डोळे मिटले, आणि ढोलकी वाजली. ही तर आप्पांची, म्हंजी बापूच्या वडिलांची, ट्रॅक्टरवरची गाणी! अधिकाऱ्यानं दोन मिनिटं ऐकलं आन् सोडून दिलं.

निघायच्या घाईत पेनड्राइव्हची अदलाबदल झाली होती. बापूनं बाहेर येऊन पहिला फोन घरी लावला. "आप्पा, ट्रॅक्टरमधला पेनड्राइव्ह कुणाला देऊ नका. माझी नोकरी हाय त्यात."

"कुणाला कशाला देतोय?" आप्पा म्हणाले. "त्यो वाजतच नव्हता. मोबाईलच्या दुकानात नेला, हाय ते सगळं पुसलं आन् गाणी भरून आणली. आता झ्याक वाजतोय."