नखाएवढ्या चौकोनात अख्खा वर्ग

मंडळी, आज सकाळी माझा संगणक गच्च भरला. गारगोटीच्या शाळेत, सत्तरच्या दशकात, मी शिकवायचो तो वर्ग चालीवर कविता म्हणायचा. तेव्हा भरलेल्या कॅसेटी पार खराब होण्याआधी मी संगणकात उतरवल्यात. वाटलं, आता त्याच पुसाव्या लागणार.

शिवाजी पेठेतले दुरुस्तीवाले शब्बीरभाई आले. कुठल्या फोल्डरनं किती जागा खाल्लीय, ते रंगीत चौकोनांत दाखवणारं सॉफ्टवेअर त्यांनी लावलं.

“सर, तुमच्या कविता नखाएवढ्या हायती की! ह्यो ढब्बू चौकोन बघा, सगळं सुप्रभातचं व्हिडिओ!”

म्हणजे तुम्हीच या ग्रुपवर पाठवलेले, मंडळी! ते पुसले.

मग संगणकावरच त्यातली एक कविता लावली. वर्गाचा बेसूर, खणखणीत आवाज ऐकत शब्बीरभाईंनी चहा गार केला. त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडेच.

रागावू नका. तुमचं सुप्रभात उद्या पुन्हा येईलच. ती पोरं पुन्हा कुठून आली असती?