आबांची चाल

माझी मुलगी चालायला लागली तेव्हा सगळ्यात आधी आम्ही तिच्या बुटांना दोष दिला. मग फरशीला. मग शेजारच्या काकूंनी नजर लागल्याचं निदान केलं आणि मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. मुलगी उजवा पाय ओढत चालायची. उजव्या हाताची मूठ छातीशी धरायची आणि डाव्या हातानं जेवायची. डावखुरी माणसं हुशार असतात, असं मी कंपनीच्या बसमध्ये चारचौघांना सांगूनही टाकलं होतं.

वाळूजच्या कारखान्यात मी क्वालिटीत आहे. लोकांच्या मालात केसाएवढी खोट असली तरी मला दिसते. घरी एवढी खोट समोरून ये-जा करत होती, ती मात्र दिसली नाही. लग्न उशिरा, मूल त्याहून उशिरा. कौतुकातच चष्म्याचा नंबर वाढला असावा.

मुलांच्या डॉक्टरांनी फोटो काढून बघितले. हाड, सांधा, सगळं ठीक. त्यांनी मला विचारलं, "घरात कोणी पाय ओढत चालतं का?"

मी म्हणालो, "नाही."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. "अहो, आबा."

आबा म्हणजे माझे वडील. मुलगी व्हायच्या आदल्या वर्षी त्यांची उजवी बाजू लकव्यानं गेली, तेव्हा मी त्यांना गावाहून, पिशोरहून, सिडकोतल्या आमच्या घरी आणलं. इतके दिवस झाले होते, की ते तसेच चालतात याची मला सवय होऊन गेली होती. डॉक्टर म्हणाले, कसे चालतात ते दाखवा. मी उठलो, मूठ छातीशी घेतली आणि पाय ओढत त्यांच्या टेबलाला वळसा घातला. मला ते फारच छान जमलं. मागं बघतो तर मुलगीही तशीच चालत येत होती, माझ्यापेक्षा सराईत.

डॉक्टर हसले नाहीत. "हिला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "दिवसभर समोर जो माणूस चालतो त्याच्याकडून ही चालायला शिकली. इतर मुलांत सोडा. आणि आजोबांना काही महिने लांब ठेवता आलं तर बघा."

परतताना रिक्षात आम्ही दोघं हिशोब लावत होतो. बायको घरी शिकवण्या घेते. बाहेरच्या खोलीत लोकांची मुलं इंग्रजी कविता पाठ करायची, आणि आमची मुलगी आतल्या खोलीत आबांच्या पलंगाशी. चालण्यासारखंच बोलण्याचंही झालं होतं. लकव्यानंतर आबांजवळ एकच शब्द उरला होता, "व्हय." समजायचं सगळं, पण तोंडातून तेवढंच यायचं. पाणी पाहिजे? व्हय. पंखा बंद करू? व्हय. बंद केला की रागानं पुन्हा व्हय. मुलीकडे आणखी चार-दोन शब्द होते, पण तिचंही बहुतेक काम व्हयवरच भागायचं.

पिशोरला धाकट्या भावाला फोन केला. तो म्हणाला, "दादा, लावून द्या की त्यांना. हितं ओसरी हाय, माणसं हायेत. तुमच्या त्या पिंजऱ्यापेक्षा लई बरं."

बायको म्हणाली, "कायमचं थोडंच आहे? ती नीट चालायला लागली की घेऊन येऊ." ती काही वाईट सून नव्हती. त्यांचं सगळं करणं तिच्याच अंगावर होतं.

संध्याकाळी आबा डाव्या हातात बशी धरून चहा पीत होते. मी शेजारी बसून जरा जास्तच मोठ्यानं बोललो. बोलता न येणाऱ्या माणसाशी आपण बहिऱ्याशी बोलावं तसं बोलतो. "आबा, थोडे दिवस पिशोरला जाता का? पोरीसाठी. ती तुमचं बघून तसंच चालते."

"व्हय," आबा म्हणाले.

बायकोनं श्वास सोडला. मीही. एवढ्यात मुलीनं माझा शर्ट ओढला. "नाय," ती म्हणाली. "आबा नाय म्हन्ले."

"व्हय म्हणाले की," मी म्हणालो.

तिनं आम्हाला म्हणून दाखवलं. एक व्हय हनुवटी वर करून, लांबवून. "हे व्हय." दुसरा आखूड, मान खाली घालून, गिळल्यासारखा. "हे नाय." हुबेहूब आबा. आबांनी आत्ता म्हटला तो दुसराच होता. इतके दिवस त्यांनी किती वेळा नाही म्हटलं असेल आणि आम्ही पंखा बंद केला असेल, कोण जाणे. त्यांच्या एका डोळ्यातून तसंही सतत पाणी यायचं, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येईना.

बायकोनं आबांच्या हातातली बशी घेतली. मग म्हणाली, "भावोजींना सांगा, नाही पाठवत."

मुलीला बालवाडीत घातलं. मला वाटलं, मिटलं. मी तर कुटुंबप्रमुखासारखा दोन दिवस छाती काढून फिरलो.

पण आबा चालेनासे झाले. मुलगी घरी असली की पलंगावरून उठायचे नाहीत. उजवा हात पांघरुणाखाली. ती बोट धरून ओढायची, तर तोच आखूड व्हय. जेवणही ती झोपल्यावर. सकाळी व्हॅन तिला घेऊन गेली की मात्र भिंत धरून घरभर फेऱ्या घालायचे, आणि दुपारी गेटवर हॉर्न वाजला की लगबगीनं पलंगावर. हे बायकोनं शिकवायला बसल्या जागेवरून बघितलं आणि मला सांगितलं. मी त्यांना म्हणालो, "आबा, तुमचे डॉक्टर म्हणालेत, चालणं सोडलं तर पाय जाईल." त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मुलगी मात्र झपाट्यानं सुधारली. दसऱ्याच्या सुमारास ती बालवाडीतल्या पोरांसारखी दणादण पाय आपटत चालायला लागली. शेजारच्या काकूंनी त्याचं श्रेय मीठ-मोहऱ्यांना दिलं.

मग दिवाळीची सुट्टी लागली. मुलगी दिवसभर घरी. आबा दिवसभर पलंगावर. तिला थोडे दिवस मामाकडे पाठवू म्हटलं, तर तिला ताप आला आणि ते राहून गेलं. बालवाडी पुन्हा सुरू झाली त्या सकाळी व्हॅन गेल्यावर बायकोनं त्यांना उठायला हात दिला. पाय फरशीला टेकला, पण भार घेईना. गुडघा आखडून गेला होता.

संध्याकाळी मी आल्यावर दोघांनी मिळून काखेत हात घालून त्यांना उभं केलं. ते थरथरत उभे राहिले. तेवढ्यात मुलगी दारात येऊन बघत राहिली. आबांनी डाव्या हातानं माझा दंड दाबला आणि पलंगाकडे खूण केली, बसव म्हणून.