पंचावन्न तासांचे सात

कापसाचे ते वाईट दिवस होते. सगळ्यांनाच कापूस विकायचा होता आणि आमच्या नेरच्या बाजूला घेणारं केंद्र एकच उघडं. मी तिथे कॉम्प्युटरवर बसायची. तालुक्यात मॅक्रो, म्हणजे एका बटणात सगळा हिशोब उरकणारे आदेश, लिहिणारी मी एकटीच, अशी माझी समजूत होती, आणि ती माझ्या चालण्यातही दिसायची म्हणे.

गुरुवारी दुपारी साहेब म्हणाले, "उद्यापासून चार दिवस वजनकाटा बंद. आज जेवढ्या गाड्या होतीन तेवढ्या घेऊ. ज्याले थांबून जास्त तास झाले त्याची आधी. यादी काढा, म्हणजे भांडण नाही."

गाडी आल्याच्या वेळेप्रमाणे नुसती यादी लावली असती तरी भागलं असतं. पण मला हुशारीची खाज. आताच्या वेळेतून आल्याची वेळ वजा करायची, त्यातून तास काढायचे, जास्त तासवाले वर. मी बटण दाबलं आणि निघालेली यादी ऐटीत फाटकावर चिकटवली.

पाच मिनिटांत एक बाई खिडकीशी आली. पदराला कापसाचे तंतू चिकटलेले.

"बाई, मी मंगळवारी सकाळी आली. दोन दिस, दोन राती झाल्या. मले सातच घंटे कायले लावले?"

"मावशी, मशीन चुकत नसते," मी म्हटलं, तेही तिच्याकडे न बघता.

भांडली असती तर मी तिला पुरून उरले असते. ती भांडलीच नाही. "माह्या पोरीचे दिवस भरले. घरी दुसरं बाईमाणूस नाही. आज काटा नाही झाला तं चार दिवस मी इथंच. कापूस कोनाच्या भरोशावर टाकू? एक डाव पाहून घे न माय."

माय म्हटल्यावर मी वरमले. तिच्या ओळीतल्या वजाबाकीवरचं तास-मिनिटांचं रूप काढून टाकलं आणि नुसता आकडा बघितला. २.२९.

आधी काही कळेना. मग कळलं आणि अंगावर सर्रकन शहारा आला. मशीनच्या लेखी एक म्हणजे अख्खा दिवस. दुपारचे बारा म्हणजे अर्धा, सकाळचे सहा म्हणजे पाव. तारीख वेगळी, घड्याळ वेगळं, असं तिथे काही नाहीच. सगळा काळ एकाच आकड्यात, पुढेपुढे चाललेला. केवढं अफाट, आणि किती साधं! तिचे दोन दिवस, दोन राती त्या दोनाच्या आकड्यात जशाच्या तशा होत्या, आणि वरचे .२९ म्हणजे सात तास. मी लावलेलं तासाचं फंक्शन पूर्ण दिवस सोडून फक्त उरलेले तास देतं, हे मला शहाणीला ठाऊक नव्हतं. इकडे मनगटावर घड्याळ नसलेली बाई, तिकडे ते मशीन, दोघांचं मोजणं तंतोतंत एक. मधे चुकीची होते ती मी. मी नुसती बघत राहिले, एकदा पडद्याकडे, एकदा तिच्याकडे.

मॅक्रोतली एक ओळ बदलली, फरकाला चोवीसने गुणलं. यादी उलटीपालटी झाली. तळाशी ढकललेले मंगळवारचे लोक वर आले, त्यांतही ती पहिली.

मी स्वतः कागद घेऊन बाहेर गेले. "मावशी, चूक माझी होती. तुम्हाला पंचावन्न तास झाले."

"पंचावन्न," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली. मला वाटलं आता शिव्या पडणार. ती डोळे पुसत होती. "तुह्या कागदावर सात पाह्यले, तं मले वाटलं माहंच डोकं फिरलं. दुसरी रात मी काढलीच नसन."

मला खूप लाज वाटली. चारच्या आत तिचा कापूस मोजून झाला. बैल जुंपून ती माझ्याकडे न बघता निघून गेली.

पुढच्या आठवड्यात तिच्या गावचा एक गाडीवाला सांगत होता, शुक्रवारी सकाळी लेक बाळंत झाली, फार अडली होती, पण आई होती म्हणून निभावलं. मी हातातलं काम थांबवलं. माझी पहिली यादी तशीच राहिली असती, तर शुक्रवारी सकाळी ती बंद फाटकाशी, कापसाच्या गाडीजवळ बसलेली असती.