एकेकीनं बोला

आई दिवाळे गावच्या बाजारात मासळी विकायला बसते. समोर चार बायका एकदम बोलायच्या. एकीला कोळंबी सोलून हवी, दुसरीला बोईट मासे कालवणासाठी कापून, तिसरीला चिंबोऱ्या नांग्या ठेचून. आई मान वर न करता ऐकायची. कोयता चालत राहायचा आणि जिचं तिला बरोबर मिळायचं.

गेल्या वर्षी एका रविवारी मी तिच्या शेजारी बसले होते. एका बाईंनी अख्खा जिताडा साफ करून मागितला. नवा जावई जेवायला येणार होता, मासा भरून करायचा होता. तेवढ्यात आणखी दोघी बोलल्या, आणि आईनं जिताड्याचे तुकडे केले. आईचा हात थांबला.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "मी येडी झाली का गो बाय?"

मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चार शब्द सांगून उलट्या क्रमानं म्हणायला लावले. आई दोन शब्दांवर अडली. बरेच प्रश्न विचारून झाल्यावर ते म्हणाले, "आज तरी आजाराचं लक्षण दिसत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. वयानं जुनं पुसलं जात नाही, पण चार गोष्टी मनात धरून वर हातानं काम करणं जड जातं. एका वेळी एकच घ्या."

मी म्हटलं, "मी रजा काढते, तुझ्याजवळ बसते."

"तू हापिसान जा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तरी मी उशिरा निघाले आणि लांबून पाहिलं. टोपली उघडण्याआधीच तिनं सांगून टाकलं, "आता एकेकीनं बोला गो. माझ्या ध्यानान सगला एकदम रवत नाय."

मला वाटलं, सगळ्या दुसरीकडे जातील. एक गेली. बाकीच्या थांबल्या. जिताडावाल्या बाईही पुढच्या आठवड्यात आल्या. आई काही बोलायच्या आत म्हणाल्या, "मावशी, सावकाश होऊ द्या."

आम्ही चौघं भावंडं लहानपणी आईभोवती जमून एकाच वेळी बोलायचो. आता फोनवर सगळे जमलो की ती एकाचं पूर्ण ऐकते, त्याला उत्तर देते, मग दुसऱ्याचं ऐकते. मी धाकटी, माझी पाळी शेवटी येते. तोवर मी तिचा आवाज ऐकते.