वाचायला माणसं आहेत

"मावशी, तुम्ही आत जा. चहाचं बघा. वाचायला माणसं आहेत."

असं म्हणून सुपरवायझर मॅडमनी माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. हिसकावलं नाही. दोन बोटांनी, नीट, लहान मुलाच्या हातून सुरी काढून घ्यावी तसं.

मी अंगणवाडीच्या फरशीवर मांडी घालून बसले होते. मांडीवर एक पोर, पाठीला एक पोर, समोर अठरा पोरं. गोष्ट ऐन रंगात आलेली. दारात पाहुणे उभे. एका मंडळाचे अध्यक्ष, त्यांच्या सौ., आणि मोबाईल आडवा धरलेला एक फोटोवाला. मंडळाने गेल्या वर्षी आम्हाला गोष्टींची पुस्तकं भेट दिली होती. आता त्या भेटीचा फोटो हवा होता.

वाचायला माणसं आहेत. म्हणजे मी कोण?

मी मदतनीस. शेवगाव तालुक्यातल्या एका कोरड्या गावात अंगणवाडी झाडते, खिचडी शिजवते, नाकं पुसते. वय सेहेचाळीस. अंग भरलेलं, आवाज त्याहून भरलेला. मी हाक मारली की तिसऱ्या गल्लीतली कोंबडी अंडं द्यायची थांबते, असं माझा नवरा सांगतो. तो खोटारडा आहे, पण ह्या बाबतीत नाही.

तर असा आवाज घेऊन मी गप उठले. आत गेले. पातेलं चुलीवर ठेवलं. हात रिकामे झाले होते. वय वाढलं तरी हात विसरत नाहीत. त्यांना चौथीचा वर्ग आठवला.

माझे आईबाप ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की बैलगाडीत संसार आणि संसारावर मी. सहा महिने गावची शाळा, सहा महिने उसाचा फड. चौथीत गुरुजी धडा मोठ्याने वाचून घ्यायचे. रांगेने एकेकाने उठायचं, एकेक परिच्छेद वाचायचा. मी लबाड. मी आधी डोकी मोजायची. माझ्यापुढे सात डोकी, म्हणजे आठवा परिच्छेद माझा. बाकीचा धडा गेला उडत. आठवा तेवढा ओठातल्या ओठात घोटत बसायची. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं ठरलेलं. नटीला पडदा वर जायची घाई असते ना, तशी मला माझ्या परिच्छेदाची.

सातवा मुलगा खाली बसला. मी उठले. तोंड उघडलं.

"तू बस गं. तुम्ही दिवाळीनंतर जाणारच आहात. चल, पुढचा."

मी बसले. माझा परिच्छेद दुसऱ्याने वाचला. आणि काय घाण वाचला! स्वल्पविरामावर अडखळला, पूर्णविराम ओलांडून पळाला. वर्गात मला कुणी हसलं नाही. हसले असते तरी चाललं असतं. कुणाच्या काही लक्षातच आलं नाही. त्या वर्षी रोज तसंच. माझ्यावर आलं की गुरुजींची नजर उडी मारायची.

मारलं नाही, शिवी दिली नाही, म्हणून मी हे कुणाला सांगितलंही नाही. काय सांगणार? वाचू दिलं नाही म्हणून कोण रडतं?

पुढे सातवीपर्यंत रखडत शिकले, लग्न झालं, ऊस सुटला, अंगणवाडीत लागले. तिथे एक लोखंडी कपाट. त्यात मंडळाने दिलेली चाळीस पुस्तकं, प्लास्टिकच्या कव्हरात, कोरी करकरीत. बाहेर कुलूप. तपासणी आली की कपाट उघडायचं, पुस्तकं सतरंजीवर मांडायची, तपासणी गेली की मोजून आत. आमच्या अंगणवाडीच्या बाई स्वभावाने गरीब, पण भित्र्या.

"आक्का, फाटलं तर मला जाब इचारत्यात," त्या म्हणायच्या.

शनीचं शिंगणापूर आमच्यापासून काही लांब नाही. तिथे घरांना दारं नाहीत. आणि इथे चार वर्षांच्या पोरांपासून गोष्टींना कुलूप.

किल्ल्यांचा जुडगा माझ्याच कमरेला असायचा, कारण सकाळी दार मी उघडते. एक दिवस खिचडी शिजत होती, पोरं किंचाळत होती, बाई मीटिंगला गेल्या होत्या. मी कपाट उघडलं. पहिलं हाताला लागलं ते खेकड्याचं. खेकड्याला चपला हव्या असतात. चांभार विचारतो, किती? खेकडा म्हणतो, आठ. एवढीच गोष्ट. पण मी वाचली! चांभाराला घोगरा आवाज दिला, खेकड्याला नाकातला. खेकडा चालला की मीही सतरंजीभर आडवी चालले, लुगडं खोचून. पोरं लोळली.

पहिल्या दिवशी पोरांतल्या आदित्यने पुस्तकाचा कोपरा चावला. मी चावू दिला. दुसऱ्या दिवशी त्याला कळलं की हे खायचं नाही, उलटायचं. आठवड्याने पान उलटायच्या आधीच सगळे ओरडायला लागले, "पाचवी चप्पल!" मग मी अक्षराखाली बोट फिरवायला लागले. मग त्यांची बोटं माझ्या बोटामागून आली.

गौरी नावाची एक आहे. साडेचार वर्षांची, वाऱ्यासारखी. तिची आई एकदा रस्त्यात थांबली.

"आक्का, काय शिकवलंय वो हिला? घरात लग्नाची पत्रिका पडल्याली. ती धरून बसली. बोट ठिऊन म्हनती, खेकडा म्हनला आठ पायजेत. मी म्हनलं, ही पाव्हन्याची पत्रिका हाय. तर मलाच म्हनती, तू गप, मी वाचतीय."

तू गप, मी वाचतीय. साडेचार वर्षांची! मला हे म्हणायला सेहेचाळीस लागली.

गौरीचे आईबाप तोडीला जातात. अशी पाच पोरं आहेत. पाहुणे आले तेव्हा मुकादमाचा ट्रॅक्टर यायला आठ दिवस उरले होते.

तर मी आत चहा करत होते. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. फोटोवाला म्हणाला, "वहिनी, पुस्तक असं धरा. पुठ्ठा माझ्याकडे." म्हणजे चित्रं वहिनींच्या पदराला, पोरांना नुसता पुठ्ठा. मग म्हणाला, "आता वाचल्यासारखं करा."

वाचल्यासारखं करा!

आणि त्यावर मॅडमचा आवाज. "बाई, ही पाच पोरं पुढे कशाला बसवलीत? ही तोडवाल्यांची ना? मागे घ्या. आठ दिवसांनी जाणारच आहेत."

दूध उतू गेलं. जाऊ दिलं.

तेच वाक्य. गुरुजी केव्हाच गेले, शाळेवरची कौलं जाऊन पत्रे आले, बैलगाडीचा ट्रॅक्टर झाला. वाक्य तसंच, कोरं करकरीत. त्या क्षणी मला कळलं की गुरुजी माझ्यावर रागावलेले नव्हतेच. ते फक्त मोजत होते. राहणारे आणि जाणारे. आणि जाणाऱ्यांवर आवाज खर्च करायचा नाही.

मी कप भरले. ट्रे उचलला. आणि आडवी चालत बाहेर आले.

आडवी. गुडघे वाकवून, डोळे बाहेर काढून, खेकड्यासारखी. पाच कप चहा हातात. पोरांनी एकच आरोळी ठोकली. मागे ढकललेली पाच पोरं सगळ्यांना तुडवत पुढे. मी नाकातल्या आवाजात सुरू केलं, पुस्तकाशिवाय, कारण ते मला पाठ होतं. "चांभारदादा, चांभारदादा, सहावी झाली, सातवी दे!" एक कप अध्यक्षांच्या पांढऱ्या विजारीवर गेला. मुद्दाम नाही. पण वाईटही वाटलं नाही. वहिनी मात्र खरंच हसल्या, आणि गौरीने त्यांच्या हातातलं पुस्तक आपल्याकडे फिरवलं.

"हिकडून धरायचं," ती म्हणाली. "आमाला दिसंना."

फोटो निघाला तो असा. फोटोवाल्याने तो कुणाला दिला नाही.

पाहुणे गेले. मॅडम थांबल्या.

"तमाशा लावलाय का इथे? मदतनीस आहात, मदतनिसासारखं राहा. लेखी माफी द्या. आणि कपाटाची किल्ली इकडे."

बाई भिंतीला चिकटल्या होत्या. डोळ्यांनी मला सांगत होत्या, दे, देऊन टाक. मला नोकरी हवीच होती. नवऱ्याची कंबर गेली आहे, घर माझ्या मानधनावर चालतं. हे सगळं एका श्वासात आठवलं. दुसऱ्या श्वासात मी म्हणाले, "किल्ली न्हाई देणार."

"काय?"

"माफी लिहून देते. पण मी लिव्हलेलं मीच वाचून दाखवणार. तुमच्या मासिक मीटिंगमधी. मोठ्यानं. समद्या बाया बसल्यावर. पयलं वाक्य असं हाय, की पुस्तक कोरं राहिलं म्हंजे पोर कोरं राहिलं. पुढचं ऐकता का मीटिंगमधीच ऐकता?"

मॅडमनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी खाली पाहिलं. मग, देव जाणे कुठून बळ आलं, बाई पुटपुटल्या, "मॅडम, पोरं तिचं ऐकत्यात. लई ऐकत्यात."

मॅडम गाडीत बसून गेल्या.

आठ दिवसांनी ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत भांडी, गोणपाटं, शेळी, वर पाच पोरं. मी पाचांच्या हातात पाच पुस्तकं दिली. गौरीला खेकडा.

"फाटलं तर, आक्का?" तिच्या आईने विचारलं. "आमाला तर वाचायबी येत न्हाई."

"तिला बोट ठिऊ दे. तू नुसतं इचार, पुढं काय झालं. रोज इचार. फाटू दे फाटलं तर. चिखलात पडू दे."

ट्रॅक्टर गेला. आता कपाटात पस्तीस पुस्तकं आहेत आणि माझ्या नावाने खुलासा मागणारं पत्र आलं आहे. नोकरी जाईल असं गावात म्हणतात. जाईल कदाचित. मग मी मारुतीच्या पारावर बसून वाचेन, आणि माझा आवाज तुम्हाला माहीत आहे. पुढच्या दिवाळीला जाणारी पोरं मी पहिल्या रांगेत बसवीन. जाणारी आधी. राहणारी नंतर.

खुलाशात मी काहीच लपवलं नाही, हेसुद्धा नाही. कपाटाचं कुलूप मी काढलं आणि वेशीबाहेरच्या पडक्या विहिरीत टाकलं. नवं पाठवतील. पाठवू देत. विहीर खोल आहे.