साहेबांचं मरण

अमेरिकेतल्या एडिसन गावातले आमचे इंग्रज शेजारी साधं ‘गुड मॉर्निंग’ म्हणाले, तरी नंतर क्षणभर दूर कुठेतरी बघत राहतात, जणू आता जाहिराती लागणार आहेत. उमेदीची वर्षं त्यांनी इंग्लंडमधल्या एका टीव्ही मालिकेत दारूच्या गुत्त्याचा मालक होऊन काढली. शेवटी लेखकांनी त्यांना मारलं, तेही पडद्यावर नाही. मालिकेतल्या बायकोला फोन आला, ती रडली, संपलं. “मला धड मरूसुद्धा दिलं नाही,” हे ते कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना मला अजूनही ऐकवतात.

यंदा मराठी मंडळाच्या नाटकात गोरा कलेक्टर हवा होता. मी भीतभीतच विचारलं.

“मरतो का तो?” एवढीच त्यांची चौकशी.

प्रयोगात गोळी लागल्यावर साहेबांनी कोसळायला इतका वेळ घेतला, की आमचा क्रांतिकारक कंटाळून विंगेत निघून गेला. मागच्या रांगेतून एक काकू ओरडल्या, “वन्स मोअर!”

साहेब उठले, कोट झटकला आणि पुन्हा मेले. आणखी सावकाश.

दुसऱ्या दिवशी डब्यापाशी भेटले. “पुढच्या वर्षी मला कोण मारणार?” त्यांनी विचारलं, आणि पहिल्यांदाच दूर न बघता माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.